सोलर आहे, तरी अंधार का?

प्रश्न : येत्या दहा वर्षांत फ्रिजइतकी गरजेची होईल अशी वस्तू कोणती? आमच्या छतावर ३ किलोवॅटचं सोलर आहे, तरी लाइट गेली की घरात अंधारच. असं का? – एक वाचक, सातारा

उत्तर : आमच्या मते, घरगुती बॅटरी. तुमचा सोलरचा इन्व्हर्टर बहुधा ऑन-ग्रिड, म्हणजे वीज कंपनीच्या लाइनवरच चालणारा आहे. लाइट गेली की तो मुद्दाम बंद होतो. नाहीतर छतावरची वीज उलट तारांत शिरून खांबावर चढलेल्या वायरमनच्या जिवावर बेतेल. तुम्हाला हायब्रिड इन्व्हर्टर (लाइट गेली की बाहेरच्या तारांपासून तुटून सोलर आणि बॅटरीवर घर चालवणारा) आणि बॅटरी लागेल.

बॅटरी रात्रीच्या वापरावरून ठरवा. ३० वॅटचे तीन बीएलडीसी (कमी वीज खाणारे) पंखे आठ तास चालले तर ०.७२ युनिट. फ्रिज, दिवे, राउटर धरून साधारण दीड. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी ८० टक्के बिनघोर वापरता येते, म्हणून घट धरून अडीच युनिटची पुरे. लेड-अ‍ॅसिड स्वस्त पडते खरी, पण रोज अर्ध्याखाली उतरवली की प्लेटांवर सल्फेट धरतं आणि ती लवकर मरते. रोजच्या वापराला ती घेऊच नका.

गीझर, इस्त्री, पाण्याची मोटर बॅटरीच्या लाइनवर नको. वायरिंग वेगळं करून घ्या. बॅटरी गच्चीवरच्या पत्र्याखाली ठेवू नका, उष्णतेनं तिचं आयुष्य घटतं.

आणखी एक : टाकीची सावली एका पॅनेलच्या कोपऱ्यावर पडली तरी वीज कमी होते. सकाळी नऊला आणि दुपारी चारला गच्चीवर जाऊन सावली कुठवर येते, ते खडूनं आखून पाहा.