मुलतानी माती लाव, पण चेहऱ्यावर वाळू देऊ नकोस

तू लिहिलंयस की रोज मुलतानी मातीत लिंबू आणि हळद कालवून लावतेस, पार वाळून तडकेपर्यंत ठेवतेस, तरी दुपारी कपाळ पुन्हा तेलकट होतं आणि हनुवटीवर नवीन पुटकुळ्या येतच राहतात. आता दुसरी कुठली माती आणू, असं विचारलंयस. दुसरी आणू नकोस. आहे तीच लाव, फक्त लावायची रीत बदल.

या मातीच्या बारीक पापुद्र्यांना तेल धरून ठेवायची सवय असते. लोकरीतली चरबी काढायला पूर्वी याच जातीची माती वापरत. पण ती उचलते ते त्वचेवर आलेलं तेल. तेल बनवणाऱ्या ग्रंथी त्वचेच्या आत असतात आणि त्यांची सूत्रं हार्मोन्सच्या हातात असतात. त्यामुळे सकाळी माती लावून दुपारी चेहरा तेलकट झाला तर त्यात बिघडलं काहीच नाही. 'अजून कमी पडतंय' असं वाटून रोज लावणं मात्र थांबव. आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा.

आणि वाळण्याचं. 'चेहरा खेचला म्हणजे गुण आला' हा समज घरोघरी आहे आणि मला तो अगदी पटत नाही. माती तडकेपर्यंत ठेवली की त्वचा कोरडी पडते, मग ती काढताना आपण चोळतो, आणि सुजलेल्या पुटकुळीवर चोळलं की तिथे डाग पडतो. आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेवर असे काळे डाग महिनोन्‌महिने राहतात. पुटकुळी आठवड्यात जाते, डाग जात नाही. म्हणून पातळसर थर लाव, पंख्याखाली बसू नकोस, आणि कडा फिकट पडायला लागल्या, नाकावर तेलाचे बारीक गडद ठिपके उमटले की उठ. साधारण ८-१० मिनिटं होतात. आधी ओल्या हाताने थर भिजव, मग भरपूर पाण्याने धू आणि लगेच हलकं, बिनतेलाचं मॉइश्चरायझर लाव. तेलकट त्वचेलाही ते लागतं.

लिंबू आजपासून बंद. त्वचेचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट) ५ च्या आसपास, लिंबाच्या रसाचा २ च्या जवळपास. शिवाय रस राहिलेल्या जागी ऊन लागलं तर चट्टे पडू शकतात. खायचा सोडाही नको, तो उलट्या टोकाचा. नुसतं पाणी पुरतं. गुलाबपाणी आवडत असेल तर घाल, पण बिनवासाचं काही मिळालं तर बरं, सुगंधाने पुष्कळांची त्वचा चुरचुरते. पहिल्यांदा लावताना जबड्याखाली थोडी लावून दोन दिवस बघ.

माती मी काष्ठौषधीच्या दुकानातून ढेकळाची आणते. काचेच्या वाडग्यात ढेकूळ ठेवून पाणी ओतायचं आणि हात लावायचा नाही. ते सुरसुरतं, बुडबुडे सोडतं आणि आपोआप ढासळतं. मग ढवळून मिनिटभर थांबलं की खर, म्हणजे बारीक रेती, तळाशी बसते. वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात काढून रात्रभर ठेवायचं, सकाळी वरचं पाणी निथळून टाकायचं. खाली सायीसारखी मऊ माती उरते. बाजारच्या कित्येक पुड्यांत हीच खर तशीच असते आणि ती चेहऱ्यावर ओरखडते. पूड घेतलीस तर वस्त्रगाळ करून घे. भिजवलेली माती साठवू नकोस, लागेल तेवढीच कर.

आता पुटकुळ्या. छिद्राच्या तोंडाशी मृत पेशी अडकतात, मागे तेल साचतं, त्यात जिवाणू वाढतात, मग सूज येते. यातल्या फक्त वरच्या तेलाशी मातीचा संबंध. बाकीच्यासाठी औषधच लागतं: सॅलिसिलिक ॲसिडचा फेसवॉश, बेंझॉइल पेरॉक्साइड (याने उशीचा अभ्रा आणि टॉवेल पांढरे पडतात, जुने वापर), किंवा डॉक्टरांनी दिलं तर ॲडापॅलीन (छिद्रं तुंबू न देणारं लावायचं औषध). गुण यायला दोन-तीन महिने लागतात. ॲडापॅलीन सुरू केलंस की सुरुवातीला त्वचा सोलते, तेवढे आठवडे माती पूर्ण बंद ठेव.

रात्री केसांना तेल चोपडून झोपतेस असंही लिहिलंयस. कपाळावरच्या बारीक पुटकुळ्यांचं मूळ तिथे असायची दाट शक्यता आहे. तेल न्हाण्याआधी तासभर लाव, रात्रभर नको, आणि उशीचा अभ्रा वरचेवर बदल.

हनुवटीवरच्या गाठी खोल आणि दुखऱ्या असतील, पाळी पुढे-मागे होत असेल किंवा हनुवटीवर राठ केस येत असतील, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नकोस. मूळ हार्मोन्समध्ये असू शकतं, म्हणून त्वचेच्या डॉक्टरांकडे जा आणि पाळीचं आपणहून सांग. मेडिकलवाल्याने हातात ठेवलेली 'गोरं करणारी' मिश्र क्रीम मात्र अजिबात घेऊ नकोस. त्यांत बहुधा स्टिरॉइड असतं, चार दिवस चेहरा नितळ दिसतो आणि सोडल्यावर दुप्पट पुरळ उठतं. आधीच लावत असशील तर ट्यूब सोबत घेऊन जा आणि डॉक्टरांना दाखव.