अ‍ॅम्बेसिडरचा डायनामो काढण्याआधी अर्थ (बॅटरीचा बॉडीशी असलेला जोड) तपासा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मालवणजवळच्या गावी आजोबांची १९६८ ची अ‍ॅम्बेसिडर मार्क २ आहे, मांगरात (घराशेजारच्या शेडमध्ये) उभी असते. सेल्फ मारला की कधी लगेच चालू होते, कधी नुसता ‘टक्’ असा आवाज. बॅटरी नवी टाकून झाली. पावसात रात्री कुडाळला जाऊन आलात, तर दुसऱ्या दिवशी सकाळी बॅटरी पार बसलेली. गाडी चालू असताना डॅशबोर्डवरचा लाल दिवा मिणमिणत राहतो. मेकॅनिकचं म्हणणं, डायनामो (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारं जुन्या पद्धतीचं यंत्र) काढा, मारुतीचा अल्टरनेटर (त्याच कामाचं नवं यंत्र) बसवून देतो. तर बसवावा का?

आत्ता बसवू नका. तुमच्याच वर्णनावरून डायनामो मेलेला दिसत नाही. तो लाल दिवा एका बाजूने इग्निशनला आणि दुसऱ्या बाजूने डायनामोला जोडलेला असतो. डायनामो काहीच देत नसेल तर एका बाजूला बारा व्होल्ट, दुसऱ्या बाजूला शून्य, म्हणजे दिवा ठसठशीत पेटायला हवा. दोन्हीकडे सारखे व्होल्ट झाले की तो विझतो. मिणमिणतो याचा अर्थ दोन्हीकडे व्होल्ट आहेत, पण सारखे नाहीत. डायनामो देतोय आणि ते बॅटरीपर्यंत पोचताना वाटेत कुठेतरी अडतंय, ही शक्यता मला सगळ्यात जास्त वाटते. (इंजिन नुसतं फुरफुरत असताना दिवा लुकलुकला तर तो दोष धरू नका. डायनामोला तेवढा वेग पुरत नाही. मी बोलतोय ते रस्त्यावर वेगात असतानाच्या मिणमिणण्याबद्दल.)

मीही किनाऱ्यावरच राहतो आणि माझ्याकडेही जुनी अ‍ॅम्बेसिडर आहे. घाटावरच्या कोरड्या हवेत उभी असलेली गाडी आणि आपल्याकडची गाडी यांची दुखणी वेगळी असतात. आपल्याकडे पार्ट जळण्याआधी जोड खातात. खाऱ्या हवेतलं मीठ ओल धरून ठेवतं, त्यामुळे उन्हाळ्यातसुद्धा तांब्यावर ओलीचा पातळ थर राहतो. बॅटरीची जाड वायर जिथे लगमध्ये (टोकाच्या धातूच्या तुकड्यात) दाबलेली असते तिथून साधारण इंचभर मागे रबर सोलून बघा. लग वरून चकचकीत असतो, आणि आत हिरवी पूड आणि हात लावला की शेवयांसारख्या तुटणाऱ्या तारा निघतात. नव्या बॅटरीला ही जुनी वायर लावली की बॅटरीचा काय दोष?

‘पण लाइट तर झकास लागतात’ असं सगळे म्हणतात. लागणारच. दोन्ही हेडलाइट मिळून सात-आठ अँपिअर घेतात, सेल्फ इंजिन फिरवताना दीडशे-दोनशे घेतो. समजा खराब जोडात ०.०२ ओहमचा अडथळा आहे. आठ अँपिअरला तिथे ०.१६ व्होल्ट पडतात, ते दिव्यावर कळतसुद्धा नाहीत. दीडशे अँपिअरला तिथेच तीन व्होल्ट जातात आणि सेल्फ बसतो. साधा मल्टिमीटर ओहमवर ठेवून हा अडथळा सापडत नाही, इतका तो बारीक असतो. तो फक्त भार पडल्यावर दिसतो. म्हणून मोजायचं ते सेल्फ मारताना.

आधी हे करा. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, हातातली अंगठी आणि घड्याळ काढलेलं. इंजिन चालू होऊ नये म्हणून इग्निशन कॉइलवरची (ठिणगीसाठी करंट देणाऱ्या डब्यावरची) बारीक वायर सोडवून ठेवा. मग बॅटरीचा कुठला टर्मिनल बॉडीला गेलाय ते डोळ्यांनी बघा. त्या काळच्या ब्रिटिश घडणीच्या गाड्यांत पॉझिटिव्ह अर्थ (बॅटरीचा प्लस बॉडीला) सर्रास असे. तुमच्या गाडीत तोच आहे की मधल्या साठ वर्षांत कोणी बदललाय, हे गाडी बघितल्याशिवाय सांगता येत नाही. नवी बॅटरी बसवताना दुकानातल्या मुलाने सवयीने मायनस बॉडीला लावला असेल तर तो घोटाळा वेगळाच, त्याकडे पुढे येतो.

आता मदतीला एक माणूस घ्या, तो सेल्फ मारेल. मीटर डीसी व्होल्टवर.

बॅटरीच्या दोन शिशाच्या खुंट्यांवरच मीटर धरा, क्लॅम्पवर नको. सेल्फ फिरताना दहाच्या आसपास किंवा वर राहिलं तर बॅटरी ठीक. नऊच्या खाली गेलं तर आधी बॅटरी बाहेर पूर्ण चार्ज करून आणा, बाकी सगळं नंतर. मग एक टोक अर्थच्या खुंटीवर आणि दुसरं थेट इंजिनच्या ब्लॉकवर, रंग नसलेल्या जागी. सेल्फ मारताना इथे पाव व्होल्टपेक्षा जास्त दिसता कामा नये. एक-दोन व्होल्ट दिसले की चोर सापडला. मग दुसरी खुंटी ते सेल्फचा मोठा बोल्ट, इथे अर्ध्या व्होल्टपर्यंत चालतं, कारण वाटेत सोलेनॉइड (सेल्फला करंट जोडणारा स्विच) असतो. यातला कुठला आकडा मोठा येतो त्यावर सगळं ठरतं. एक पैसा खर्च होत नाही.

ब्लॉकवरचा आकडा मोठा आला तर इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी विणीव पट्टी बघा. अ‍ॅम्बेसिडरचं इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, त्यामुळे ती पट्टी नसेल किंवा कुजली असेल तर करंटला परतीची वाट उरत नाही. मग तो मिळेल त्या वाटेने जातो, म्हणजे चोकच्या किंवा अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून. दोन-तीनदा सेल्फ मारून चोकच्या केबलला हात लावा. गरम लागली तर पुढे काही तपासायची गरजच नाही, आधी पट्टी बदला. जाड तांब्याची पट्टी घ्या, दोन्हीकडचा पत्रा पॉलिश पेपरने पांढरा होईपर्यंत घासा, दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळा आणि वरून व्हॅसलिन किंवा ग्रीस लावा. ग्रीस आधी लावून मग आवळू नका. आधी धातूला धातू भिडायला हवा. किनाऱ्यावर हे काम दरवर्षी पावसाळा संपला की करायचं.

एवढं करूनही ‘टक्’ राहिलं तर रात्री हेडलाइट लावून सेल्फ मारा. दिवे पार मावळले तर बॅटरी किंवा तिचे जोड. दिवे तसेच राहिले आणि सेल्फ ढिम्म, तर सोलेनॉइड किंवा सेल्फचे कार्बन (फिरत्या भागाला टेकून करंट नेणारे तुकडे). दिवे मंद होऊन तसेच राहिले आणि इंजिन हलत नाही, तर पिनियन (सेल्फचा छोटा दातेरी गिअर) फ्लायव्हीलच्या (इंजिनच्या मोठ्या चाकाच्या) दात्यांत अडकलेला असू शकतो. त्या वेळी गाडी टॉप गिअरला टाकून, इग्निशन बंद ठेवून, मागेपुढे हलवली की तो सुटतो. बऱ्याच जुन्या लुकास (ब्रिटिश कंपनीच्या) सेल्फच्या शाफ्टला मागे चौकोनी टोकही असतं, त्याला पाना लावून फिरवता येतं. पिनियनच्या आट्या पेट्रोलने धुऊन कोरड्या ठेवा. तिथे तेल घातलं की क्लचची धूळ चिकटते आणि पिनियन पुन्हा अडकतो.

तुमच्या गाडीचं हाताने इंजिन फिरवायचं हँडल डिकीत असेल तर ते हरवू देऊ नका. आजच्या कुठल्याही गाडीत मिळणार नाही अशी ती सोय आहे. फक्त अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवून धरायचं आणि खालून वर ओढायचं. इंजिनने उलटा झटका दिला तर हात सुटून येतो, अंगठा मोडत नाही.

आता चार्जिंग. आधी पट्टा. डायनामो आणि पाण्याचा पंप यांच्यामधल्या सरळ भागावर अंगठ्याने दाबला तर अर्धा-पाऊण इंच दबावा. ओल्या हवेत पट्टा काचेसारखा गुळगुळीत होऊन घसरतो, तेही बघा. मग डायनामोची खरी परीक्षा घ्या, कारण मेकॅनिकला उत्तर द्यायला हाच आकडा लागेल. डायनामोवर दोन टर्मिनल असतात, मोठा ‘डी’ आणि छोटा ‘एफ’. दोन्ही वायरी काढा, टर्मिनल एकमेकांना एका तारेने जोडा, मीटरचं एक टोक त्या तारेला आणि दुसरं डायनामोच्या अंगाला लावा. कॉइलची वायर परत जोडून इंजिन चालू करा आणि रेस हळूहळू वाढवा. व्होल्ट सरळ चढत गेले आणि पंधराच्या पुढे निघाले तर डायनामो धडधाकट आहे. वीसच्या वर नेऊ नका. शून्य दाखवलं तर कार्बन चिकटलेत किंवा झिजलेत. अर्धा ते एक व्होल्ट म्हणजे फील्डच्या वाइंडिंगवर (आतल्या स्थिर गुंडाळ्यांवर) संशय. चार-पाचवर अडकलं तर आर्मेचर (मधला फिरता भाग). ही जुन्या वर्कशॉप मॅन्युअलमधली पद्धत आहे आणि आजही तितकीच खरी आहे.

कार्बन चिकटले असतील तर त्यात घाबरण्यासारखं काही नाही. होल्डर पेट्रोलच्या फडक्याने पुसा, कार्बन हलका सरकायला हवा. कम्युटेटर (कार्बन ज्यावर घासतात तो तांब्याचा भाग) काळा झाला असेल तर बारीक काचपेपरने साफ करा, एमरी नको, तिचे कण तांब्यात रुततात. मागच्या बेअरिंगला तेलाचं छोटं भोक असतं, त्यात अधूनमधून इंजिन ऑइलचे दोन थेंब सोडा. ते एवढंसं काम कोणी करत नाही आणि मग डायनामो ‘वाजतो’ म्हणून बदलतात.

डायनामो पास झाला, आणि मला वाटतं होईल, तर मोर्चा कटआऊटकडे (डायनामो आणि बॅटरी आपोआप जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचकडे) वळवा. बॉनेटखालच्या त्या काळ्या पेटीत दोन बॉबिन (तारेच्या गुंडाळ्या) असतात, एक व्होल्टेज सांभाळणारा रेग्युलेटर, दुसरा कटआऊट. बॅटरीची वायर काढूनच पेटी उघडा. कटआऊटच्या पॉइंटवर काजळी किंवा हिरवट पापुद्रा असेल तर मिणमिणत्या दिव्याचं कारण तिथेच आहे. तेही काचपेपरच्या बारीक पट्टीनेच साफ करायचे. पेटीचा ‘ई’ टर्मिनल बॉडीला नीट पकडलाय ना, तेही बघा. तो ढिला असला की रेग्युलेटरला खरे व्होल्ट कळत नाहीत आणि तो बॅटरी उकळवतो. स्प्रिंगचे स्क्रू मात्र फिरवू नका. ते काम जाणकार ऑटो इलेक्ट्रिशियनचं.

सकाळी बॅटरी बसली होती त्याचं एक कारण इथेही असू शकतं. कटआऊटचे पॉइंट चिकटून राहिले तर गाडी बंद केल्यावर बॅटरीच उलट डायनामोत रिकामी होत राहते. सगळं बंद करून बॅटरीची एक वायर काढा आणि खुंटी व वायर यांच्यामध्ये बारा व्होल्टचा छोटा बल्ब लावा. बल्ब पेटला तर कुठेतरी गळती आहे. मग पेटीवरची ‘डी’ वायर काढा. बल्ब विझला तर गळती कटआऊटमधूनच आहे. नाही विझला तर बाकीच्या वायरी एकेक सोडवत चला. मांगरात उभ्या गाडीत उंदरांनी कुरतडलेली वायर हा आपल्याकडचा नेहमीचा प्रकार.

बल्ब पेटलाच नाही तर त्या रात्रीचा हिशेब करून बघा. ४५ वॅटचे दोन हेडलाइट, म्हणजे साडेसात अँपिअर. मागचे आणि मीटरचे दिवे दोन, इग्निशन तीन-चार, वायपर दोन-तीन. झाले सोळाच्या आसपास. त्या काळचा लुकासचा डायनामो पूर्ण वेगात वीस-बावीस देतो आणि उभ्या गाडीत जवळजवळ काहीच नाही. म्हणजे मालवण-कुडाळ रस्त्यावर भागतं, पण बाजारात पाऊण तास वायपर, दिवे लावून अडकलात की सगळं बॅटरीतून. आणि कोणी हौसेने शंभर वॅटचे हॅलोजन बसवले असतील तर दोन बल्बच सोळा-सतरा अँपिअर खातात. बल्ब काढून त्यावरचा आकडा वाचा. तसे असतील तर आधी ते बदला.

आता तो उलट्या बॅटरीचा घोटाळा. पॉझिटिव्ह अर्थच्या गाडीत बॅटरी मायनस अर्थने लागली तर डायनामोच्या लोखंडात उरलेली जुनी चुंबकी दिशा उलटी पडते आणि कटआऊट जळायला लागतो. मूळ पद्धतीने बॅटरी लावा. मग डायनामोची ‘एफ’ वायर काढून बॅटरीच्या अर्थ नसलेल्या टोकावरून एक तार त्या ‘एफ’ टर्मिनलला क्षणभर टेकवा, दोन-तीन वेळा. ठिणगी दिसेल. दिशा सरळ होते.

अल्टरनेटरला माझा विरोध नाही. रोज रात्री आंबोली किंवा फोंडा घाट चढायचा असेल तर तो सोयीचा आहे. पण त्याला नेगेटिव्ह अर्थ लागतो, वायरिंग जाड लागतं आणि कुजलेल्या अर्थवर तोही असाच रडेल. १९६८ ची गाडी पन्नास वर्षांच्या पुढची आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार तिची विंटेज नोंदणी करायचा विचार असेल (तिथे रोजच्या वापराला बंधनं येतात) तर ती जितकी मूळ रूपात तितकं बरं. अल्टरनेटर बसवलातच तर डायनामो, कटआऊटची पेटी आणि कंस भंगारात देऊ नका, तेल लावून घरात ठेवा. आजोबांनी ज्या यंत्रावर गाडी चालवली ते पुन्हा तसंच मिळायचं नाही.

तीन आकडे इथे लिहा: सेल्फ मारताना बॅटरीचे व्होल्ट, अर्थची खुंटी ते ब्लॉक, आणि ‘डी’-‘एफ’ जोडून डायनामोचे. सोबत कुठला टर्मिनल बॉडीला आहे तेही. त्यावरून पुढचा पाना कुठे लावायचा ते सांगतो.