त्या कशावर हसतात, ते मला कळत नाही

सहलीहून परतलेल्या मित्रमैत्रिणींच्या हसण्यात आपल्याला जागा उरलेली नाही, ही तक्रार घेऊन बेळगावात समुपदेशन करणाऱ्या माझ्याकडे इतकी माणसे येतात की तिच्याविषयी एकदा सविस्तर लिहावे असे फार दिवस मनात होते. दांडेलीला जाऊन आलेला महाविद्यालयीन मुलगा, नवऱ्याच्या मित्रमंडळींबरोबर चोर्ला घाटातून गोव्याला गेलेली नवी सून, पंढरपूरहून परतलेले निवृत्त शिक्षक, यांचे शब्द निराळे असले तरी गाऱ्हाणे एकच असते: बरोबर तर मीही होतो, मग त्यांना जे आठवून हसू येते ते मला का येत नाही, आणि ते माझ्यावरच तर हसत नसतील? त्यांपैकी एका ताईंची हकिकत, ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून, येथे देत आहे.

ताई पन्नाशीच्या आसपासच्या. मूळच्या सातारा जिल्ह्यातल्या आणि यजमानांच्या बदलीमुळे टिळकवाडीत येऊन राहिलेल्या. भिशीतल्या सहाजणींनी गाडी ठरवून गोकर्ण, मुरुडेश्वर, उडुपी अशी सहल केली आणि परतल्यापासून एक वाक्य ताईंच्या मानेवर बसले. ‘कुंदा किती आणायचा?’ असे कोणी विचारले की दुसरी म्हणे, ‘आम्ही सहाजणी!’ ‘उद्या किती वाजता जमायचे?’ यालाही व्हॉट्सॲपवर तेच उत्तर येई आणि त्याखाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागे.

“मग तुम्ही काय करता?” मी विचारले.

“मीही हसते. नाही हसले तर मला काही ठाऊक नाही, हे त्यांना कळेल ना, मॅडम.”

“ठाऊक नसण्याचे कारण काय असेल?”

“मला कन्नड येत नाही. त्या मध्येच कन्नडमध्ये बोलतात, त्यातलेच काही असेल.”

“त्या सहाजणींत कन्नड न येणारे आणखी कोणी आहे का?”

“सावंतवाडीची एक आहे.”

“आणि ती हसते?”

ताई थोड्या थांबल्या. “सर्वांत जास्त तीच हसते.”

भाषेचे कारण तेथेच संपले. सीमाभागात आपल्याला परके वाटले की आपण पटकन भाषेवर खापर फोडतो आणि मग मनातली खरी भीती तपासायची राहून जाते. ताईंची भीती वेगळी होती. अरबैल घाटात त्यांना गाडी लागली होती आणि अंकोल्याला बाकीच्या चहाला उतरल्या तेव्हा त्या मागच्या सीटवर डोळे मिटून पडून होत्या. त्या वेळी आपल्या ओकाऱ्यांवरून काहीतरी विनोद झाला असावा, असा त्यांनी मनाशी निष्कर्ष काढला होता आणि महिनोन्‌महिने त्याला कोणाला न सांगता खतपाणी घातले होते.

मी त्यांना एकच काम दिले: सावंतवाडीच्या मैत्रिणीला सरळ विचारायचे. या कामाला माणसे जेवढी घाबरतात, तेवढी क्वचितच दुसऱ्या कशाला घाबरत असतील. ‘विचारले तर मी वेडी ठरेन’ या वाक्यावर आमच्या बऱ्याच भेटी खर्ची पडल्या. विचारण्याआधी मी त्यांना एक गोष्ट मात्र सांगून ठेवली, ती म्हणजे उत्तर ऐकून हसू येईल अशी अपेक्षा ठेवू नये. रॉबर्ट प्रोव्हाईन या अमेरिकन संशोधकाने सार्वजनिक ठिकाणी बोलणाऱ्या माणसांच्या हसण्याचे सुमारे १२०० प्रसंग नोंदवले आणि १९९३ मध्ये त्यांवर लिहिले. त्यांतले ८० टक्क्यांहून अधिक हसे कोणत्याही विनोदावर उमटलेले नव्हते, ‘चला, निघते मी’ अशा साध्या वाक्यांनंतरचे ते होते. माणूस एकटा असताना जेवढा हसतो त्याच्या सुमारे तीसपट तो चारचौघांत हसतो, हेही त्यांनीच दाखवून दिले. हसे हे मुख्यतः सोबतीतून येते, त्यामुळे मागाहून समजावून सांगितलेला विनोद बहुधा पांचटच वाटतो.

पुढच्या भेटीत ताई आल्या त्या रागावूनच. “एवढेच होते, मॅडम! हॉटेलातल्या पोऱ्याने विचारले, साखर कमी की जास्त. आमची एक पेंगत होती, ती म्हणाली, आम्ही सहाजणी. आणि त्याने खरोखरच सहा चहा आणून ठेवले. यात हसण्यासारखे काय आहे?”

“टेबलावर किती जणी होत्या?”

“पाच. मी गाडीत होते ना.”

“मग सहावी कोण?”

ताई माझ्याकडे पाहत राहिल्या. मी घाई केली नाही. अशा वेळी गप्प बसणे हे माझ्या कामातले सर्वांत अवघड कौशल्य आहे आणि ते मला बऱ्यापैकी साधले आहे, असे मी मानते. “गाडीत चहा आला होता मला,” त्या हळूहळू म्हणाल्या. “वासानेच ढवळले, म्हणून मी परत पाठवला.” अर्धवट झोपेत असलेल्या मैत्रिणीनेही त्यांना मोजले होते, आणि ज्या वाक्याने त्यांना बाहेर काढल्यासारखे वाटत होते त्या वाक्यातच त्या होत्या.

अनेक समुपदेशक येथे थांबले असते. मी थांबत नाही. अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९५५ पासून मांडलेल्या विवेकनिष्ठ विचारसरणीवर, म्हणजे प्रसंगापेक्षा त्याविषयीचे आपले हट्टी विचार तपासण्याच्या पद्धतीवर, माझा भर आहे आणि तिची शिस्त अशी की गैरसमज दूर झाल्याच्या आनंदावर प्रश्न मिटवायचा नाही, कारण पुढच्या सहलीतला विनोद कदाचित खरोखरच त्यांना वगळून झालेला असेल.

“समजा, ती ‘आम्ही पाचजणी’ म्हणाली असती, तर?”

“वाईट वाटले असते.”

“किती?”

बराच वेळ गेला. “सगळी सहल फुकट गेली, इतके नाही,” त्या म्हणाल्या आणि मग स्वतःशीच हसल्या. “मी मैत्रीचीही भिशीच केली होती, मॅडम. दर वेळी माझा नंबर लागलाच पाहिजे!”

सहभागी व्हावेसे वाटणे निकोप आहे, पण प्रत्येक हसण्यात मला वाटा मिळालाच पाहिजे हा हट्ट धरला की न कळलेले प्रत्येक हसे अपमान होऊन बसते. हे वाक्य मी ताईंना सांगितले नाही, कारण त्यांनी ते माझ्याहून चांगल्या शब्दांत सांगितले होते.

असा प्रश्न पडणाऱ्या वाचकांना माझे सांगणे असे की न कळलेल्या गोष्टीवर खोटे हसू नये आणि शक्यतो त्याच दिवशी ‘मी नव्हते तेव्हा, काय झाले होते?’ असे विचारावे; महिना उलटला की हाच प्रश्न तोंडातून निघत नाही. ज्यांच्याकडे तो किस्सा आहे त्यांनीही न आलेल्या माणसासमोर दोन वाक्यांत पार्श्वभूमी सांगण्याची तसदी घ्यावी. मात्र विनोद एखाद्याच्या देहावर, जातीवर, बोलण्याच्या लकबीवर किंवा आजारावर बेतलेला असेल, तर तेथे समजूतदारपणा दाखवण्याची गरज नाही. ज्याने तो सुरू केला त्याला एकट्याला गाठून ‘हे मला आवडत नाही’ असे स्पष्ट सांगावे, आणि तरीही तो थांबला नाही तर पुढच्या सहलीला दुसरी सोबत शोधावी.

बसमधले, बाजारातले अनोळखी लोकही आपल्यावरच हसत आहेत असे सतत वाटू लागले, त्यापायी झोप उडाली किंवा घराबाहेर पडणे टळू लागले, तर तो प्रश्न मैत्रिणींचा राहत नाही. अशा वेळी मनोविकारतज्ज्ञांना भेटावे. आपल्या भागातून धारवाडची डिम्हान्स ही मानसिक आरोग्य संस्था जवळ आहे आणि टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी विनामूल्य बोलता येते.