पांढरं हरीण दिसलं तर आधी डोळे बघ

पांढरं दिसलं की लगेच अल्बिनो (अंगात रंगद्रव्यच नसलेलं) म्हणून मोकळा होऊ नकोस रे, दुर्बिणीतून डोळे बघ, गुलाबी असतील तरच अल्बिनो. न्यूयॉर्क राज्यात सेनेका लेकजवळच्या जुन्या आर्मी डेपोतली हरणं ल्युसिस्टिक, म्हणजे डोळे तपकिरीच, रंग फक्त केसातून गेलेला. १९४१ ला डेपोभोवती कुंपण घातलं, कळप आत अडकला, त्यात तो जीन टिकला आणि पुढे आर्मीने पांढऱ्यांना संरक्षण दिलं म्हणून वाढली. मला पहिल्यांदा वाटलं गवतात कुणीतरी पोतं टाकलंय, मग पोत्याचा कान हलला! गाडीतूनच बघ, दार आपटू नको. फोटोत एक्स्पोजर जरा खाली घे, नाहीतर नुसता पांढरा डाग येतो. आणि बर्फात शोधायला जाऊ नकोस, मी गेलेलो, घंटा काही दिसलं नाही.