वाचकांचे प्रश्न : जुन्या चालीवर नवे शब्द

प्रश्न : सातपूरच्या एका कारखान्यात मी ३१ वर्षे नोकरी केली आणि त्यांतली बरीच वर्षे युनियनचे काम पाहिले. गेट मीटिंगच्या आधी आमचे शाहीर डफावर थाप मारीत आणि शिफ्ट सुटलेली माणसे सायकली हातात धरून ऐकत उभी राहत. इंग्लंडमध्ये असलेल्या माझ्या मुलीने, ‘बाबा, हा तुमच्याच जातकुळीचा आहे,’ असे म्हणत बिली ब्रॅग या गायकाची गाणी मला पाठवली आहेत. हा माणूस कोण, त्याच्या कामाचे मोल काय, आणि संप मिटल्यावर अशा गाण्यांचे पुढे होते काय?
— एक निवृत्त कामगार, सातपूर, नाशिक

उत्तर : आपला शेवटचा प्रश्न ब्रॅग यांनी स्वतःलाही आयुष्यभर विचारलेला दिसतो, म्हणून उत्तराचा रोख तिकडेच ठेवतो.

ब्रॅग यांचा जन्म १९५७ सालचा, लंडनच्या पूर्व टोकाला असलेल्या बार्किंग या कामगारवस्तीतला. गिटारवर तीन कॉर्ड (स्वरमेळ) येत असतील तर तुम्हीही गाणे करू शकता, हे पंक या बंडखोर रॉक संगीताने १९७६–७७ च्या सुमारास तिथल्या पोरांना पटवून दिले, तेव्हा त्यांनीही मित्रांसोबत एक बँड काढला, पण तो फार चालला नाही. १९८१ मध्ये ते चक्क लष्करात भरती झाले आणि प्राथमिक प्रशिक्षण संपताच १७५ पौंड भरून स्वतःची सुटका करून घेऊन बाहेर पडले. त्यानंतर ते एकटेच, ड्रम नाही, बेस नाही, नुसती एक कर्कश इलेक्ट्रिक गिटार घेऊन, बार्किंगच्या बोलीतले उच्चार जराही न लपवता गाऊ लागले. १९८३ साली त्यांची पहिली रेकॉर्ड आली. रेडिओवरचे विख्यात निवेदक जॉन पील यांनी आपल्याला भूक लागल्याचे कार्यक्रमात सांगताच ब्रॅग मशरूम बिर्याणी घेऊन बीबीसीच्या दारात हजर झाले आणि त्यांचे गाणे त्या रात्री वाजले, मात्र चुकीच्या वेगाने. (एका बिर्याणीवर कारकीर्द उभी राहिल्याचे दुसरे उदाहरण निदान माझ्या ऐकण्यात नाही.)

इथवर हा एक हुशार, चुणचुणीत पोरगा होता. त्याला आपण म्हणता त्या जातकुळीत आणले ते मार्च १९८४ पासून वर्षभर चाललेल्या ब्रिटनमधल्या खाणकामगारांच्या संपाने. संपकऱ्यांच्या मदतीसाठी गावोगाव कार्यक्रम होत. तिथे ब्रॅग यांच्याबरोबर साध्या पेहरावातले वयस्क लोकगायकही गात, आणि त्यांची गाणी आपल्या गाण्यांपेक्षा कितीतरी जहाल आहेत, हे पाहून ते चकित झाले. आपण नवीन काही करीत नसून एका फार जुन्या रांगेत शेवटी येऊन उभे राहिलो आहोत, हे त्यांना तिथे कळले, आणि पंक गायकाचा लोकगायक झाला तो या क्षणी, असे मला वाटते. १९८५ च्या ‘बिट्वीन द वॉर्स’ या छोट्या रेकॉर्डवर त्यांनी इंग्रज गीतकार लिऑन रॉसेलसन यांचे एक गाणे घेतले, ते १६४९ साली पडीक सामायिक जमीन कसायला निघालेल्या गरीब इंग्रजांविषयीचे आहे. १९८६ मध्ये त्यांनी युनियनचे जे गाणे बांधले, त्याचे शीर्षक अमेरिकेतले कामगार-गीतकार जो हिल यांच्या १९१३ च्या गाण्याचे आणि चाल अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या एका गाण्याची आहे.

आपल्याला यात नवल वाटणार नाही. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांनीही सुरुवातीच्या काळात लोकांच्या ओठी असलेल्या सिनेगीतांच्या चालींवर आपले शब्द बसवले होते. चाल आधीच पाठ असली की ऐकणाऱ्याचे सारे लक्ष शब्दांकडे जाते. आमचे काही विद्वान याला उसनवारी म्हणतात, मी याला व्यवहारज्ञान म्हणतो.

संप मोडला, पण ब्रॅग यांची गाणी त्याच्याबरोबर संपली नाहीत. ब्रिटनच्या मजूर पक्षाकडे तरुण मते वळवण्यासाठी १९८५ मध्ये गायक पॉल वेलर आदींसह त्यांनी ‘रेड वेज’ ही मोहीम काढली, १९८७ ची निवडणूक पक्ष तरीही हरला, आणि खरे सांगायचे तर पक्षाच्या दावणीला बांधलेले गाणे थोडे बेसूर होतेच. त्यांचे सर्वांत धारदार राजकीय गाणे, माझ्या मते, घोषणेचा एकही शब्द नसलेले आहे. १९८६ च्या ‘लिव्हाय स्टब्ज’ टिअर्स’मध्ये अपघाताच्या भरपाईतून घेतलेल्या फिरत्या घरात एक बाई राहते, नवरा तिला सोडून जातो, परत येतो तो तिच्यावर गोळी झाडायला, आणि तिला आधार असतो तो जुन्या गाण्यांच्या एका कॅसेटचा. गिटारचे मोजके फटकारे पडतात आणि शेवटी शेवटी एक तुतारीसारखे वाद्य कुठून तरी येते, बस्स. आपण शाहिरांची पोवाडेवजा गाणी ऐकत वाढलात, तेव्हा हे गाणे दोनदा ऐका. पहिल्या वेळी यात राजकारण कुठे आहे, असे वाटेल.

चाल जुनी आणि शब्द नवे, या रीतीचे उलटे रूप १९९८ मध्ये दिसले. अमेरिकेचे लोकगायक वुडी गथ्री १९६७ साली वारले तेव्हा त्यांच्यामागे चालीविना पडलेली हजाराहून अधिक गीते उरली होती. त्यांच्या कन्या नोरा यांनी ती वही-कागदांची ठेव ब्रॅग यांच्यापुढे उघडली, आणि विल्को या अमेरिकी बँडबरोबर त्यांनी जुन्या शब्दांना नव्या चाली दिल्या. मधल्या काळात अमेरिकी लोकगायक पीट सीगर यांच्या सांगण्यावरून ‘इंटरनॅशनल’ या कामगारगीतासाठी त्यांनी नवे इंग्रजी शब्दही लिहिले होते, कारण जुने शब्द आता तोंडात बसत नव्हते. स्वतःच्या गाण्यांनाही ते सूट देत नाहीत. १९८८ च्या एका गाण्यातल्या ओळी ते कार्यक्रमागणिक त्या त्या वेळच्या घडामोडींप्रमाणे बदलत आले आहेत. संप मिटल्यावर गाण्याचे काय होते, याला त्यांचे हेच उत्तर दिसते. २००७ मध्ये तुरुंगांतील कैद्यांना गिटार पुरवणारा त्यांचा उपक्रम सुरू झाला. त्याविषयी पुन्हा कधीतरी.

प्रश्न : बिली ब्रॅग यांच्या पहिल्या रेकॉर्डच्या वेष्टनावर किंमत छापली होती, असे वाचले. ही जाहिरातीची युक्ती होती का? आणि ऐकायला सुरुवात कुठून करावी?
— एक विद्यार्थिनी, पंचवटी, नाशिक

उत्तर : ‘२.९९ पौंडांपेक्षा जास्त देऊ नका’ अशी ती सूचना होती. दुकानदाराने वर किंमत लावू नये म्हणून ती वेष्टनावरच छापली होती, त्यामुळे तिला युक्ती म्हणायचेच तर ती गिऱ्हाइकाच्या बाजूची होती. हा माणूस करारातली बारीक अक्षरेही वाचतो. २००६ मध्ये मायस्पेस या संकेतस्थळाच्या अटींत गाण्यांवरील हक्कांबाबत संदिग्धता दिसताच त्यांनी आपली गाणी तिथून काढून घेतली, आणि पुढे कंपनीने त्या अटी बदलल्या.

सुरुवात त्या पहिल्याच रेकॉर्डपासून करा. सात गाणी आहेत आणि ती सारी मिळून सोळा मिनिटेही होत नाहीत. नाशिक रोडहून बसमध्ये बसून लावलीत, तर द्वारकेचा चौक ओलांडण्याआधीच संपेल, आणि चौकातली एकंदर वाहतूक-कोंडी पाहता दुसऱ्यांदाही.