मालक स्वतःच पाना घेऊन येतात तेव्हा

मुलुंडला भाड्याने राहायला लागलास आणि मालक काका सगळी दुरुस्ती स्वतःच करतात म्हणतोस. त्यांना दुखवू नकोस. नळाचा वायसर, दाराची कडी, बिजागरी, खुशाल करू देत. पण विजेचं काम आणि गिझर परवानाधारक वायरमनकडूनच, यावर अडून राहा. आमच्या मालकांनी गिझरची वायर नुसती चिकटपट्टी गुंडाळून जोडली होती. आठवड्याभरात प्लगची कड तपकिरी पडली, जळका वास यायला लागला. मुलगी तेव्हा चार वर्षांची होती. त्या दिवसापासून या बाबतीत मी भीड ठेवली नाही.

गळतीचंही तसंच. बाथरूमच्या लाद्यांच्या सांध्यात पांढरं सिमेंट भरलं की वरून छान दिसतं, पाणी मात्र खालच्यांच्या छतात उतरतं आणि तक्रार तुझ्या दारात येते. पावसाच्या आधी, उन्हाळ्यातच विषय काढ.

काम सांगताना फोटोसकट व्हॉट्सॲप कर, यायची वेळ आधी ठरवून घे. आणि लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवलाय ना? १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे ती जबाबदारी मालकाची आहे. कोणती दुरुस्ती कोणाकडे, हे त्यातच लिहून घे. आमचं डिपॉझिट याच मुद्द्यावर दोन महिने अडकलं होतं.