बर्फ काढायला छोटा ट्रॅक्टर घ्यायचाय: लोडर (पुढची बादली) पुरेल की बर्फ लांब फेकणारा ब्लोअर लागेल? लागला तर पुढे की मागे?

तुमची जागा अमेरिकेत, न्यू यॉर्क राज्यातल्या सिराक्यूजच्या उत्तरेला, ड्राइव्हवे खडीचा आणि ३०० फूट लांब, ट्रॅक्टर २५ एचपीच्या आसपासचा. मी त्याच पट्ट्यात राहतो, म्हणून स्पष्टच सांगतो: नुसत्या लोडरवर भागणार नाही.

डिसेंबरात भागेल असं वाटतं. पण लेक ऑन्टॅरिओवरून येणारा बर्फ सिराक्यूजला वर्षाकाठी १२० इंचांच्या आसपास पडतो, लेकच्या पूर्वेकडच्या टग हिल पठारावर २०० च्याही वर. ढकललेला बर्फ कडेला साचतो, रात्रीत दगड होतो आणि दर वादळागणिक रस्ता दोन्हीकडून अरुंद होत जातो. माझा पहिला हिवाळा लोडरच्या बादलीवरच गेला. फेब्रुवारीत गाडीचं दार पूर्ण उघडायलाही जागा नव्हती. इथे बर्फ ढकलून उपयोग नाही, तो लांब फेकावा लागतो.

ब्लोअर मी मागचा घेतला. आपल्याकडे रोटाव्हेटर चालतो त्याच मिनिटाला ५४० फेऱ्यांच्या पीटीओवर (अवजार फिरवणारा ट्रॅक्टरचा मागचा दांडा) तो चालतो, पुढच्यापेक्षा बराच स्वस्त पडतो, आणि त्याचं वजन मागच्या चाकांवर येत असल्याने पकड मिळते. पुढे लोडर तसाच राहतो. रस्त्यावरचा बर्फ ढकलणारा सरकारी प्लाऊ ड्राइव्हवेच्या तोंडाशी गोठलेल्या ढेकळांचा बांध घालून जातो, तो उचलायला लोडरच हवा. वाईट गोष्ट एकच, सगळं काम मागे वळून करावं लागतं. मानेचा त्रास असेल तर पुढचाच घ्या. मग मात्र ट्रॅक्टरला मिड-पीटीओ (पोटाखालचा पीटीओ) आहे का ते आधी बघा आणि मागे वजन लावा. २५ एचपीतले पीटीओला १८-२० मिळतात, त्यावर ५ फुटी ब्लोअर नीट चालतो. फक्त त्याची रुंदी टायरच्या बाहेरच्या मापापेक्षा कमी नको.

पण ब्लोअरच्या आधी पैसे हायड्रोस्टॅटिक गिअरवर (गिअर न बदलता पेडलनेच वेग कमी-जास्त होतो) आणि मागच्या चाकांच्या साखळ्यांवर घाला. जड बर्फात इंजिन पूर्ण फेऱ्यांवर ठेवून ट्रॅक्टर मुंगीच्या पावलांनी सरकवावा लागतो, साध्या गिअरवर ते फार अवघड जातं. गावाकडे वजनासाठी टायरमध्ये पाणी भरतात, इथे ते गोठेल. इथे बीटचा रस भरून देतात, तो भरून घ्या. ब्लॉक हीटर (इंजिन गरम ठेवणारा) आणि हिवाळी डिझेल हवंच, नाहीतर कडाक्याच्या थंडीत डिझेलमधलं मेण गोठून फिल्टर तुंबतो.

ब्लोअरचं तोंड चोंदलं तर पीटीओ बंद, इंजिन बंद, किल्ली खिशात, मगच काठीने मोकळं करा. हात घालायचा नाही, कितीही घाई असली तरी.

आणि खडीसाठी एक: पहिले एक-दोन बर्फ काढू नका, गाडीनेच दाबून टाका. खाली कडक थर बसतो. त्यानंतर ब्लोअरच्या खालच्या पट्ट्या इंचभर उंच ठेवल्या की खडी उडत नाही आणि शिअर बोल्टही (काही अडकलं की यंत्र वाचवायला आधी तुटणारे) सारखे तुटत नाहीत. तरी चार-सहा बोल्ट जवळ असू द्या.